लोकरीची दोरी

मी मोजणी खात्यातला माणूस. बत्तीस वर्षं साखळी ओढत कळंब, भूम, परंडा, उस्मानाबाद — म्हणजे मूळचं धाराशिव — इकडची शेतं मोजली. बांधावरून भावाभावांची जुंपलेली भांडणं मिटवली, निदान मिटवायचा प्रयत्न तरी केला. आमच्या कामात अंदाजाला जागा नसते. खुणेचा दगड सापडला तर सापडला, नाही तर नाही. त्यामुळे भुतंखेतं, दृष्टान्त, अंगात येणं असलं कुणी सांगायला लागलं की मी चष्मा पुसायला घेतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या मासिकातले अमानवीय अनुभव नात मोठ्यानं वाचते आणि मी प्रत्येकातली चूक काढतो. पडदा हलला म्हणजे खिडकी उघडी असणार, पावलं वाजली म्हणजे माळ्यावर उंदीर असणार... वगैरे.

तर मग हे मी का लिहितोय? गेल्या महिन्यात नात तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर केदारनाथला ट्रेकिंगला जाऊन आली. परत आल्यावर कॉम्प्युटरवर फोटो दाखवत होती. एका फोटोत रामबाड्याच्या वरची चढण होती. वाटेच्या कडेला बर्फाचा पट्टा, आणि त्याला लागून बसायला बरे असे सपाट दगड. ‘‘आजोबा, इथं बसून आम्ही मॅगी खाल्ली,’’ ती म्हणाली. मी उठून गच्चीवर गेलो. तिला वाटलं, माझी शुगर कमी झाली. त्या वाटेबद्दल मी साठ वर्षं कुणाशीच काही बोललेलो नाही.

आता वय ब्याऐंशी आहे. आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल.

दुसरं महायुद्ध चालू होतं आणि आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. येरमाळ्यात आमच्या चुलत्यांचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. माझे वडील पटकीच्या साथीत गेले, पाठोपाठ आईही गेली. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. चुलत्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनीच मला वाढवलं. त्यांना मी अप्पा म्हणायचो. चुलतीचं माहेर अक्कलकोटकडचं, तिकडं कानडी चालतं, म्हणून तिला अव्वा म्हणायचो. अव्वा बोलायला फटकळ होती. दुकानात पोत्याची गाठ सैल राहिली, दूध उतू गेलं, की सगळ्या आळीला कळायचं. मी डावखुरा, त्यामुळं माझी गाठ नेहमी उलटी पडायची. कुठलं पोतं मी बांधलंय ते अप्पा लांबून ओळखायचे आणि हसून म्हणायचे, ‘‘ह्ये आमच्या बसूचं काम.’’

आम्ही लिंगायत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःचं इष्टलिंग असतं. सुपारीएवढं, काळं, चांदीच्या डबीत ठेवलेलं, दोरीनं छातीशी बांधलेलं. लहानपणी एकदा बांधलं की ते माणसाबरोबरच राहतं. आंघोळ झाली की डाव्या तळहातावर ठेवून त्याची पूजा करायची, त्याच्याकडं बघायचं. पुन्हा जेवायच्या आधी पूजा, मगच घास. मेल्यावरसुद्धा ते त्याच तळहातावर ठेवून माणसाला पुरतात. अप्पांचं लिंग त्यांच्या वडिलांनी बांधलेलं होतं. पन्नाशी उलटली तरी एक दिवस त्यांचा नेम चुकला नव्हता. माझं काय विचारता... मी उस्मानाबादच्या हायस्कुलात उर्दूत शिकलेला, चार इंग्रजी पुस्तकं चाळलेला. मी माझं लिंग काढून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून दिलं होतं. अप्पांना ते माहीत होतं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. अव्वा मात्र रोज बोलायची.

आमच्या पाच पीठांपैकी एक हिमालयात आहे आणि केदारचा पुजारी आमच्यातलाच जंगम असतो. त्यामुळं केदार म्हणजे अप्पांना परका मुलूख वाटत नव्हता. आपलं लिंग हातावर घेऊन केदारासमोर एकदा उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. वीस वर्षं ‘पुढच्या साली जाऊ’ चाललं होतं. त्या साली मात्र त्यांनी ठरवलंच. तालीम म्हणून ते आमच्या गावच्या येडाई देवीचा डोंगर दिवसातून दोनदा चढून उतरायला लागले. ‘‘अप्पा, आपला डोंगर चढून केदार सर व्हायचा न्हाय,’’ मी चिडवायचो. ‘‘व्हय रं, पण दम तरी कळंल,’’ ते म्हणायचे. मला बरोबर घेतलं ते मला स्टेशनावरच्या पाट्या वाचता येतात म्हणून.

अव्वालाही यायचं होतं. दोनतीनदा ती म्हणाली, ‘‘मलाबी न्या की.’’ अप्पा घुटमळले, पण मीच म्हणालो, ‘‘अव्वा, तिथं बर्फ असतंय. तुझ्यानं न्हाय व्हायचं. आनि दुकान कोण बघंल?’’ ती उठून पोती आवरायला लागली. चैत्रातली येडाईची यात्रा उरकली, दुकानातली गर्दी ओसरली, आणि वैशाखात आम्ही निघालो. निघताना ती अप्पांना एवढंच म्हणाली, ‘‘पाणी वेळेवर पीत जावा. दुकानात बसल्यावर तुमाला ध्यान राहत न्हाय, तिथं तर कोण सांगणार.’’

येडशीला अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीत बसलो. निजामाची हद्द ओलांडताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर झडती असायची. शिपायानं गाठोडी सोडायला लावली, मग अप्पांच्या गळ्यातली डबी बघून हात पुढं केला. अप्पा म्हणाले, ‘‘जीव मागा, पर ये नक्को मांगो भाई. ये हात से निकलता नहीं.’’ शिपाई म्हातारा होता. ‘‘रहने दो अप्पा, तुम्हारा देव है, पास रखो,’’ म्हणाला आणि पुढच्या माणसाकडं वळला. हे सांगतोय एवढ्याचसाठी की ती डबी अप्पांनी कुणाच्या हातात दिली नव्हती. दिली ती फक्त माझ्या.

ऋषिकेशपासून पुढं पायीच. रोज एका चट्टीहून दुसऱ्या चट्टीला — चट्टी म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाची जागा, चार झोपड्या आणि एक दुकान. खाली नदी, वर कडा, मध्ये दोन हात वाट. पहिले चार दिवस माझ्या पिंढऱ्यांचे गोळे झाले, अप्पा मात्र संथ चालत होते. त्यांनी ऋषिकेशला लोखंडी टोकाची एक काठी घेतली होती. तिचा खट्... खट्... आवाज मागून येत असला की मला बरं वाटायचं. त्या दोन आठवड्यांत अप्पा माझ्याशी जेवढं बोलले तेवढं उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. माझ्या वडिलांबद्दल, त्यांच्या लहानपणीच्या खोड्यांबद्दल. एकदा म्हणाले, ‘‘परत गेलो की अव्वाला घेऊन पुन्यांदा येऊ. तू म्हणतूस तेवढं अवघड न्हाय ह्ये.’’

आता तो दिवस. ज्येष्ठातला सोमवार, आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. हे मला पक्कं आठवतं, कारण गौरीकुंडाला पंड्यानं सांगितलं होतं, आज वर पोचलात तर उद्या पुनवेचं दर्शनही मिळेल. पहाटे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळी झाल्या. अप्पांनी पूजा केली, डबी गळ्यात घालायला गेले आणि दोरी तुटली. महिनाभराच्या घामानं कुजली असणार. त्यांनी डबी उपरण्याच्या टोकात बांधली आणि ते टोक मुठीत धरून रामबाड्यापर्यंत चालत आले.

रामबाड्याला एक पहाडी मेंढपाळ भेटला. मेंढरांमागं चालता चालता टकळीवर लोकर कातत होता, काळी आणि पांढरी एकत्र. मी खुणेनं मागितली. त्यानं पाचसहा हात सूत तोडून दिलं. अप्पा खूश झाले. चढण अवघड लागली होती, त्यांना धाप लागत होती. डबी माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, ‘‘तू पुढं जाऊन निवांत बस, नीट ओव. गाठ पक्की मार. मी येतो हळूहळू.’’

मी पुढं गेलो. धुकं होतं. वाटेपासून पाचसहा पावलं आत, बर्फाच्या पट्ट्यालगत एक सपाट दगड होता, त्यावर बसलो. सुताला तिपेडी पीळ दिला, डबीच्या दोन्ही कड्यांतून ओवलं, दुहेरी गाठ मारली. उरलेलं टोक दातानं तोडलं. डबी दगडावर ठेवली आणि गारठलेले हात चोळायला लागलो, तेवढ्यात धुकं फाटलं.

समोर केदारचं शिखर. एवढं मोठं, एवढं पांढरं काही मी कधी बघितलं नव्हतं. वाटेवरचे लोक ‘जय केदार’ म्हणून ओरडायला लागले. आणि मी — ट्रंकेत लिंग ठेवणारा मी — उठलो आणि धावत सुटलो. पुढच्या वळणावरून अजून नीट दिसेल म्हणून. मग त्याच्या पुढच्या वळणावरून. दहा मिनिटांत धुकं परत मिटलं. मी धापा टाकत एका टेकाडावर अप्पांची वाट बघत बसलो, आणि तेव्हा आठवलं.

खाली पळत जायला हवं होतं. पाऊण मैलाचं अंतर, विशीतले पाय. पण काठीचा आवाज आला आणि धुक्यातून अप्पा वर आले. त्या दगडाजवळूनच ते आले असणार, पाचसहा पावलांवरून. ओठ निळे पडले होते. म्हणाले, ‘‘बसू, दोरी झाली का?’’

‘‘झाली अप्पा.’’

‘‘दे.’’

‘‘तुमचे हात गारठलेत. वर पोचलो की हात धुऊन घाला. माझ्या बंडीत हाय.’’

त्यांनी माझ्या बंडीकडं बघितलं. ‘‘बरं. तुझ्यापाशी हाय तर हाय,’’ म्हणाले आणि चालायला लागले.

मनात हिशेब असा की अप्पांना वर धर्मशाळेत बसवायचं, काहीतरी निमित्त करून खाली पळायचं, डबी घेऊन यायचं. कुणाला कळणारही नाही. शिकलेल्या माणसाला खोटं किती पटकन सुचतं बघा.

वर पोचायला दुपार झाली. देवळासमोर यात्रेकरू होते, दार उघडं होतं. अप्पांनी मंदाकिनीच्या पाण्यात हात धुतले, कपाळाला भस्म लावलं, देवळासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्यापुढं डावा तळहात धरला. तो हात मला आजही दिसतो. ओला, लाल झालेला.

मग मला सांगावंच लागलं.

त्यांचा हात तसाच थोडा वेळ पुढं राहिला, मग त्यांनी तो मिटला. मी म्हणालो, ‘‘अप्पा, तुम्ही आत जाऊन दर्शन तर घ्या. मी आत्ता जाऊन आणतो.’’

‘‘लिंगाबिगर कसं जाऊ आत?’’

देऊळ समोर तीस पावलांवर होतं. वीस वर्षं मनात धरलेलं, दोन आठवडे चाललेलं. ते मागं फिरले.

मी त्यांच्या मागं निघालो खरा, पण माझं डोकं फुटायला लागलं होतं. एवढ्या उंचीवर धावलो होतो ना... दहा पावलांत ओकारी झाली. अप्पांनी मला धर्मशाळेच्या भिंतीला टेकवून बसवलं. आपल्या तांब्यातलं पाणी पाजलं. मी म्हणालो, ‘‘तुम्ही पण घ्या.’’ पहाटेपासून त्यांनी काही घेतलं नव्हतं.

‘‘लिंग बघितल्याबिगर न्हाय.’’

आणि मी बोललो. भीतीपोटी बोललो, लाजेपोटी बोललो, पण बोललो. ‘‘एवढ्याशा दगडापायी जीव देता का अप्पा? माझं दोन वर्षं झाली ट्रंकेत पडलंय. मला काय झालं?’’

ते माझ्याजवळ उकिडवे बसले. रागावलेले दिसत नव्हते. ‘‘तुझं तुझ्यापाशी, बसू. माझं माझ्या बापानं बांधलेलं हाय,’’ म्हणाले. मग म्हणाले, ‘‘दगड कुठं हाय तेवढं सांग.’’ मी सांगितलं. वर म्हणालो, ‘‘पण तुम्ही जाऊ नका. जरा पडतो आनि मीच जातो.’’ त्यांनी मान हलवली. माझे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा उन्हं शिखरामागं गेली होती. माझ्या अंगावर अप्पांची काळी घोंगडी होती. ते नव्हते. पंडा म्हणाला, बाबा कधीच खाली गेले. बारीक बर्फ पडायला लागलं होतं आणि अप्पांच्या अंगावर फक्त बंडी आणि उपरणं होतं.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. दगड सापडला. त्याला टेकून अप्पांची काठी उभी होती, दुकानाच्या कोपऱ्यात ठेवायचे तशी नीट. दगडावर डबी नव्हती. म्हणजे अप्पा तिथवर पोचले होते. पुढं काय, ते मला माहीत नाही. रामबाड्याच्या चट्टीवाल्यांनी सांगितलं, असा म्हातारा माणूस खाली आलाच नाही. वाट एकच होती, वरून येताना मला ते भेटले नव्हते. दुसऱ्या दिवशी आठदहा माणसं शोधायला आली. काहीच मिळालं नाही. पाय घसरून नदीत गेले असतील, असं सगळे म्हणाले. मलाही तेच पटतं. मी आठ दिवस थांबलो. देवळात गेलो नाही.

परत यायला सव्वा महिना लागला. वाटेत तापानं हरिद्वारला पडून होतो, म्हणून. घरी पत्र टाकायचं धाडस झालं नाही. काय लिहिणार? येडशीला उतरलो आणि घोंगडी खांद्यावर, काठी हातात घेऊन येरमाळ्याकडं चालायला लागलो. आषाढ लागला होता, शेतात पेरण्या झाल्या होत्या. अव्वाला काय सांगायचं ते मी मैलामैलाला जुळवत होतो. अप्पा गेले हे सांगायचं. पाय घसरला म्हणायचं. दगडाचं, दोरीचं, बंडीतल्या थापेचं काही सांगायचं नाही.

अव्वा दुकानात तूर निवडत बसली होती. मला बघून उठली, माझ्या मागं वाटेकडं बघितलं आणि म्हणाली, ‘‘आलास? आनि ते परत कुठं राहिले?’’

मी म्हणालो, ‘‘परत?’’

‘‘मागच्या महिन्यात येऊन गेले की. तू मागनं येतूस म्हणले. मग कुठं गेले, दोघांचा बी पत्ता न्हाय. दीड महिना झाला मी दोघांच्या भाकरी करून ठेवालीय.’’

मला वाटलं, वाट बघून बघून तिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी तिला खाली बसवलं आणि विचारलं. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण त्यातला एक शब्दही मी विसरलेलो नाही.

‘‘सोमवार होता. दुसऱ्या दिशी वडाची पूजा, म्हणून बायका सूत न्यायला येत होत्या. उन्हं कलली होती. मी आत पाणी प्यायला गेले तर मधल्या दारात ह्ये उभे. मी म्हणलं, अगं बया, आले बी? धोतर गुडघ्यापतूर ओलं. बाहेर ऊन कसलं, मृग पडलेला न्हाय, आनि ह्यांचे पाय ओले. हातात हात घेतला तर हिरीतल्या पाण्यासारखा गार. लई तहानलेले दिसले. तांब्याभर पाणी उभ्यानं पिले. अजून दे म्हणले. दुसरा बी पिले. मग गळ्यातली डबी काढून माझ्या हातात दिली. म्हणले, ह्ये तुझ्यापाशी राहू दे. आनि म्हणले, पोराला बोलू नको. मागनं येतोय. मी भाकरी टाकायला वळले, तर बाहेर गेले. मला वाटलं, मठात गेले असतील.’’

शेजारची सोनारीण तेव्हाच सूत न्यायला आली होती. तिनं माणूस बघितला नाही. पण मधल्या दारापासून उंबऱ्यापर्यंत फरशीवर ओली पावलं बघितली आणि ‘‘कोण आलतं गं?’’ असं विचारलं. हे तिनं मला स्वतः सांगितलं. मी तिला चारदा विचारलं. चारही वेळा तिनं तेच सांगितलं.

मी अव्वाला म्हणालो, ‘‘डबी कुठंय?’’

तिनं देवघरातून आणून माझ्या हातावर ठेवली. अप्पांचीच डबी, झाकणावरच्या पोच्यासकट. आत लिंग होतं. आणि कड्यांतून ओवलेली काळ्यापांढऱ्या लोकरीची तिपेडी दोरी. गाठ दुहेरी होती, आणि उलटी.

मी नंतर सगळं तपासून बघितलं. कुणी यात्रेकरूनं डबी उचलून गावी आणून दिली असेल का? रामबाड्याहून ऋषिकेशपर्यंतची वाट, मग रेल्वे, मग छोटी गाडी — कितीही घाई केली तरी दोनअडीच आठवडे लागणारच. अव्वाच्या हातात डबी आली तो दिवस सोमवार, पुनवेच्या आदला, आणि उन्हं कलली होती. त्याच दिवशी, त्याच वेळेला मी घोंगडीखाली झोपलो होतो. अव्वाचा दिवस चुकला असेल? वडाची पूजा बायकांची कशी चुकेल? मी चट्टीवाल्याला पत्रं टाकली, पंड्याला टाकली. बाबा मिळाले नाहीत, एवढीच उत्तरं आली. पुढं नोकरीत असताना नकाशावर पट्टी ठेवून अंतरही मोजलं. सरळ रेषेत जवळजवळ नऊशे मैल भरतं. माझं लॉजिक तिथं संपतं, ते आजतागायत पुढं सरकलेलं नाही.

अप्पा हरवले, एवढं मी अव्वाला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, ‘‘घरला येऊन पाणी पिऊन गेलेला माणूस हरवला कसा म्हणू?’’ तिनं कपाळाचं कुंकू पुसलं नाही. लोकांनी नावं ठेवली, मठातल्या जंगमांनी समजावलं, तिनं ऐकलं नाही. स्वतःच्या पूजेबरोबर ती अप्पांच्या लिंगाचीही पूजा करायची. रझाकारांच्या धामधुमीत आम्ही दुकान तसंच टाकून डोंगरातून चालत बार्शीकडं गेलो, तेव्हा तिच्या गळ्यात दोन डब्या होत्या. तुझ्यानं न्हाय व्हायचं, असं मी जिला म्हणालो होतो, ती घाटात माझ्यापुढं चालत होती.

पण बदल झाला होता तो वेगळाच, आणि तो मलाच कळायचा. अव्वा मला बोलायची बंद झाली. म्हणजे अबोला नव्हता. जेवायला वाढायची, तब्येत विचारायची, पुढं माझ्या बायकोचं, लेकरांचं सगळं केलं. पण रागवायची नाही. पोत्याची गाठ सुटून गहू सांडला, काही नाही. परीक्षेत नापास झालो, काही नाही. जिभेवर आलेलं ती गिळायची, ते मला दिसायचं. एकदाच तिनं विचारलं. मी आलो त्याच पावसाळ्यात, दुकानात आम्ही दोघंच होतो. ‘‘बसू, ते असं का म्हणले असतील रे? पोराला बोलू नको म्हणून? काय केलतंस तू?’’

सांगायची वेळ ती होती. ती माझ्याकडं बघत होती, मी तराजूच्या पारड्याकडं.

‘‘काही न्हाय अव्वा,’’ मी म्हणालो.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. अप्पा माझ्या बंडीकडं बघून म्हणाले होते, अगदी तसंच.

त्यानंतर ती वीस वर्षं जगली. तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणं पुरताना तिच्या डाव्या तळहातावर दोन्ही लिंगं ठेवली. ती ठेवताना जंगमांना माझं मनगट धरावं लागलं. डबी रिकामी झाली. तिची दोरी मी सोडवून घेतली, गाठ मात्र सोडली नाही. ती माझ्या कपाटात आहे. नातीला काल दाखवली. ट्रंकेतलं माझं लिंग मी अप्पा गेल्यानंतरच्या पावसाळ्यातच गळ्यात घातलं, ते आजही आहे. श्रद्धेनं घातलं असं म्हणवत नाही. कुठं विसरलो तर नाही ना, हे बघायला हात दिवसातून दहादा छातीकडं जातो, एवढंच.

अप्पांना डबी मिळाली आणि ते पाणी प्याले, असं मी स्वतःला सांगत आलोय. कसे प्याले, ते विचारू नका, मला माहीत नाही. पण तिथून, तशा अवस्थेत, नऊशे मैलांवर येऊन त्या माणसानं सांगितलं काय, तर पोराला बोलू नको. आणि जिची जीभ कुणापुढं थांबत नव्हती, त्या बाईनं ते शेवटच्या दिवसापर्यंत पाळलं. मी गुन्हा सांगितला असता तर तिला मला बोलावंच लागलं असतं. बोलली असती, पोटभर बोलली असती, तर बरं झालं असतं.